पडद्यावरचा अखिल

“आला! आला! अखिल आला!”

झंवरांच्या दिवाणखान्यात एकच गलका उठला. पुढच्या बायकांनी हात जोडले, मागच्यांनी टाचा उंचावल्या आणि दारात चपलांच्या ढिगावर उभे असलेले दोघे-तिघे तोल जाऊन एकमेकांवर पडले. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर आत्तापर्यंत कीर्तन चालू होतं. ते मध्येच तुटलं, पडदा काळा झाला आणि त्यातून एक तरुण चेहरा हसत समोर आला. तोरणमाळच्या तळ्याकाठचा वारा केसांत, गळ्यात कॅमेरा. भंवरलालशेठचा मुलगा अखिल. त्याला जाऊन चार महिने झाले होते.

टीव्हीशेजारी गादीवर दर्पणनाथ महाराज बसले होते. बाहेर वैशाखाचं ऊन, आत पंखे गरम हवा फेकत होते, आणि महाराजांच्या अंगावर लोकरीची शाल.

“बघा, लेकरू कसं हसतंय!” महाराज गरजले. “बिजली म्हणजे काय? आत्म्याची घोडागाडी! पूर्वी आत्मे कावळ्याच्या रूपात यायचे. आता कावळे कमी झाले, टॉवर वाढले. मग आत्म्यांनी जावं कुठे? ते वायरीतून येतात! विज्ञान आज शिकतंय, आपल्या ऋषींना ठाऊक होतं!”

एरवी मला हसू आवरलं नसतं. मी डॉक्टर आहे, अमळनेरात माझा दवाखाना आहे, आणि माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही, कारण पहिल्या रांगेत अखिलची आई, चंद्रकांताभाभी, बसल्या होत्या. त्यांचे डोळे खोल गेले होते. बसल्या जागी त्यांना धाप लागत होती. पडद्याकडे दोन्ही हात पसरून त्या नुसत्या ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या.

मला तिथे आणलं होतं भिकुबाईने. झंवरांकडे धुणंभांडी करणारी ही बाई सकाळी दवाखान्यात आली आणि दारातूनच म्हणाली, “डॉक्टरबाई, एकदाव ईसन दखा. शेठाणी आते सुई लेतच नही. महाराज म्हणस, सुई टोची का पोऱ्या माघारे जास. बठ्ठा गाव तठे जमस, पन तिन्हाकडे कोनी दखत नही.”

भाभींना कित्येक वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं तरच त्यांचा गाडा चालायचा. सुई टोचली की मुलगा माघारी जातो, या धाकाने आधी त्यांनी संध्याकाळचं सोडलं, मग सकाळचंही. मी जवळ जाऊन बसले तर त्यांच्या श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा गोड वास येत होता.  शरीर साखर वापरू शकत नाही आणि स्वतःलाच जाळायला लागतं, त्याचा तो वास असतो.

“भाभी, आत चला. मी इंजेक्शन आणलंय.”

“नको, ज्योतीताई. तो निघून जाईल.”

तेवढ्यात पडद्यावर गंमत झाली. अखिलचा फोटो सरकला आणि खाली एक पांढरी चौकट उमटली. तिच्यात ‘पासवर्ड’ असं लिहिलेलं होतं. लोक गोंधळले. महाराजही क्षणभर गोंधळले, पण ते मुरलेले होते.

“द्वार!” ते ओरडले. “तो द्वार मागतोय! या लेकराला यायला-जायला दार हवंय. शेठजी, दुकानामागचं गोदाम रिकामं आहे ना? तिथे मंदिर उभं राहील, तेव्हा हा कायमचा घरी येईल!”

भंवरलालशेठनी मान डोलावली. सरकी-ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, धंद्यात हा माणूस कोणाच्या बापाला फसला नव्हता. पोत्यात हात घालून माल कुठल्या घाण्याचा ते सांगायचा. मी त्यांना ओसरीत गाठलं.

“भाऊ, मेलेल्या माणसाला पासवर्ड कशाला लागतो?”

“डॉक्टरबाई, मला डोळ्यांनी दिसतंय ना.” त्यांनी आतल्या पडद्याकडे हात केला. “आणि ती निदान उठून बसते हो. तो गेल्यावर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आता संध्याकाळ झाली की साडी बदलते, वेणी घालते. ते मी कसं काढून घेऊ?”

 वाद घालायला वेळ नव्हता. मी पुन्हा आत गेले, भाभींचा हात हातात घेतला. त्या तपासूही देईनात. शेवटी म्हणाले, “भाभी, उद्या संध्याकाळी मी दाखवून दिलं की हा अखिल नाही, तर सुई घ्याल?”

 “घेईन. शब्द देते. पण तो असला, तर तुम्ही परत यायचं नाही.”

घरी जाताना मी जळगावला फोन लावला. अखिलची धाकटी बहीण विधी तिथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी तिला फक्त ‘रोज भजन असतं’ एवढंच कळवलं होतं. मी सगळं सांगितलं. 

“तोरणमाळचा फोटो?” तिने विचारलं. “आणि खाली पासवर्डची चौकट?”

“हो.”

“मावशी, दादाचा माउस कुठे आहे ते बघितलंत का?”

आता हा टीव्ही काय प्रकार होता ते सांगते. अखिल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचा. संगणकासाठी वेगळा पडदा आणि आईसाठी वेगळा टीव्ही ठेवायला दिवाणखान्यात जागा नव्हती, म्हणून त्याने एकच रुंद पडदा आणला. दिवसा तो संगणकाला जोडलेला, संध्याकाळी आईचा टीव्ही. मी भाभींचं रक्त तपासायला जायचे तेव्हा तो सोफ्यावर मांडी घालून बसलेला असायचा, मांडीवर कीबोर्ड, उशीवर बिनवायरचा माउस, आणि समोर चादरीएवढ्या पडद्यावर आकड्यांचे तक्ते. कीर्तनाची वेळ झाली की म्हणायचा, “मम्मी, पडदा तुझा.” कधी त्याचं काम संपलेलं नसायचं आणि मग मायलेकांची जुंपायची. शेवटी तोच हरायचा.

पौषातल्या एका दुपारी तो “आलोच” म्हणून मोटारसायकलने धुळ्याच्या रस्त्याला लागला, आणि आला नाही.

तो गेल्याला महिना झाला त्या दिवशीच्या भजनाला जामनेरहून मंडळी आली. ढोलकी रंगात आली, टाळांनी भिंती हादरल्या आणि टीव्हीवर एकाएकी अखिल उमटला. बायका किंचाळल्या, भाभी बेशुद्ध पडल्या. त्या भजनी मंडळात मागे बसून झांज वाजवणारा एक गृहस्थ तेवढा शांत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, पडद्याखालच्या कपाटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ही जागा मला शुद्ध करावी लागेल.” तेच आमचे दर्पणनाथ महाराज.

विधी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आली. मी तिला स्टेशनवरून थेट घरी नेलं. महाराज वरच्या खोलीत जेवून घोरत होते, भाभी आतल्या खोलीत पडून होत्या, शेठ दुकानावर. विधीने टीव्हीखालचं बुटकं कपाट उघडलं. आत इन्व्हर्टरला जोडलेली काळी पेटी, आणि तिच्यावर एक बारीक निळा दिवा.

“चालू आहे,” ती म्हणाली. तिने पेटीवर तळहात ठेवला. “गरम आहे, मावशी. दादाने सोडला तसाच आहे.”

व्यापाऱ्यांच्या घरात दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. दिवासुद्धा ‘विझव’ म्हणत नाहीत. त्यात हा तर गेलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने चालू ठेवलेला. भाभींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अखिल चालू ठेवून गेलाय, कोणी हात लावायचा नाही. कोणी लावला नाही. कपाटाचं दार लोटलं गेलं, त्यावर मखमली पडदा आला, आणि आत संगणक जागाच आहे हे सगळं घर विसरून गेलं. तसं दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. तिथे कोणीतरी वीजबिलाच्या भीतीने बटण दाबलं असतं.

 मग तिने पेटीच्या मागे हात घालून नखाएवढी एक वस्तू उपसली आणि माझ्या हातावर ठेवली. “माउसची खूण या तुकड्याला मिळते. हा नसला की माउस मुका.”

संध्याकाळी दिवाणखाना पुन्हा भरला. कीर्तन लागलं. महाराज आले, शाल सावरून बसले. भाभींना दोघींनी धरून आणलं. त्या चालताना थांबत होत्या, श्वास घेत होत्या.

“अखिल! बाळा, ये!” महाराजांनी साद घातली.

टीव्हीवर कीर्तनकार बुवा दृष्टांत सांगत राहिले.

“ये बाळा, आई वाट बघतेय!” शालीखाली हालचाल झाली. बुवांचा दृष्टांत संपला, पुढचा सुरू झाला. महाराजांच्या कपाळावरून घाम ओघळला. शाल आता बरीच जोरात हलत होती. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“इथे कोणी नास्तिक बसलाय!” महाराज कडाडले.

“बसलाय नाही, उभी आहे,” मी म्हणाले. “मी बाहेर जाते. बघा, येतो का.”

मी खरंच ओसरीत जाऊन उभी राहिले. आतून कीर्तनच ऐकू येत राहिलं. कोणीतरी खुदकन हसलं.

“मी बोलावते दादाला,” विधी उठली. तिने स्वतःचा माउस हात उंच करून सगळ्यांना दाखवला आणि कपाटाचं दार उघडून त्याचा तुकडा पेटीला लावला. “बघा माझ्या हाताकडे.”

तिने बोटाने टिचकी दिली. पडदा काळा झाला आणि तोरणमाळच्या वाऱ्यात अखिल हसला.

“आला!” सवयीने दोघी-तिघी ओरडल्या, आणि विधीच्या हातातल्या माउसकडे बघत राहिल्या.

विधीने कपाटातला कीबोर्ड काढला आणि पासवर्डच्या चौकटीत अखिलने कधीतरी तिला सांगितलेली अक्षरं टाइप केली. फोटो गेला. समोर आकड्यांचा एक तक्ता उघडला, अर्धा भरलेला. त्या दुपारी अखिल जिथे थांबला होता, तिथेच कर्सरची रेघ लुकलुकत उभी होती. ते बघून मला स्वतःला भडभडून आलं. विधी लोकांकडे वळली.

“हा दादाचा संगणक आहे. चार महिने कोणी बंद केला नाही. कोणी काही करत नसलं की तो पडदा सोडून देतो, तेव्हा टीव्ही दिसतो. माउस हलला की जागा होतो आणि पडदा मागून घेतो. जागा झाला की दादाने निवडून ठेवलेला त्याचाच फोटो दाखवतो. पहिल्या दिवशी कपाटावरचा माउस ढोलकीच्या हादऱ्याने हलला. त्यानंतर तो हलला नाही, हलवला गेला.”

मी आत येऊन महाराजांच्या शालीचं टोक ओढलं. मांडीवरून एक काळा माउस घरंगळला आणि फरशीवर टणकन आपटला.

भिकुबाई पुढे धावली. “हाई ते आमना अखिलभाऊनं शे! मी कव्हयनी धुंडी ऱ्हायनी!”

“ही... ही माया आहे,” महाराज म्हणाले.

“माया कसली, चोरी आहे,” मी म्हणाले.

महाराज दाराकडे सरकले, पण दारात चपला फार होत्या. पुढे पोलिसांत कळलं की दर्पणनाथांचं नाव चुडामण, आणि झांज हाती घेण्याआधी ते बाजारात मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि असेच माउस विकायचे. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कालपर्यंत त्यांच्या पाया पडणारेच “मला आधीच संशय होता” असं सांगत आपापल्या चपला शोधून घरी गेले.

खोली रिकामी झाली. भाभी होत्या तिथेच बसलेल्या होत्या.

“म्हणजे तो नव्हताच,” त्या म्हणाल्या.

विधी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “मम्मी, ऐक. पडदा आपोआप बदलतो ना, ते असंच होत नाही. ते दादाने मुद्दाम बसवलं होतं. तुला रिमोटवरची बटणं जमायची नाहीत, तू त्याला हाका मारायचीस, म्हणून. त्याचं काम थांबलं की तुझं कीर्तन आपलं आपण यावं म्हणून. तो येत नव्हता, मम्मी. पण ते त्याने तुझ्यासाठीच केलेलं होतं.”

भाभींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाही वर केली आणि माझ्याकडे हात पुढे केला. “द्या सुई, ज्योतीताई. मी शब्द दिलाय.”

मी इंजेक्शन दिलं. रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला तर यंत्राने आकडाच दाखवला नाही, मोजण्यापलीकडे गेल्याची खूण तेवढी आली. आम्ही त्यांना लगेच गाडीत घालून धुळ्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. साखर खाली आली, पण मूत्रपिंडं थांबली होती. एका दुपारी त्यांना चांगली शुद्ध आली. शेठ उशाशी होते, विधी पायाशी. भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ज्योतीताई, तुम्हाला वाटत असेल, बाई किती वेडी. तो फोटो मीच काढला होता तोरणमाळला. पहिल्याच दिवशी ओळखला मी. मशीन असेल, हे मनात आलंच होतं.”

“मग भाभी, का?”

“तो महाराज ‘अखिल’ म्हणायचा.” त्या दम घेत बोलत होत्या. “घरात कोणी नाव घ्यायचं नाही. मला त्रास नको म्हणून. भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवले, कपडे वाटून टाकले. यांनी अखिल झाल्यापासून मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. अखिलची मम्मी, चहा. अखिलची मम्मी, चाव्या. आणि तो गेला त्या रात्रीपासून मी विधीची मम्मी झाले. पोरगा गेला तो गेला, वर त्याची आई होते तेही गेलं. तो लबाड माणूस रोज मोठ्याने अखिल म्हणायचा. मनाला म्हटलं, खोटं असलं तरी असू दे.”

शेठनी तोंड फिरवलं. पोत्यांच्या थप्प्या उचललेला तो माणूस खांदे हलवून हलवून रडत होता. मग ते वाकले आणि भाभींच्या कानाशी म्हणाले, “अखिलची मम्मी... पाणी देऊ?”

भाभींनी डोळे मिटले आणि मान हलवली. चमच्याने दोन घोट पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

चुडामणने त्यांना मारलं, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. ज्याने सुई सोडायला लावली तो खुनीच. पण एवढं बोलून गप्प बसले तर माझी तक्रार अर्धी राहील. त्या घरात त्याला शिरायला जागा आपण सगळ्यांनी करून दिली होती. दुःखी माणसासमोर गेलेल्याचं नाव काढायचं नाही, हे आपण शहाणपण समजतो. मग ते नाव घेणारा पहिला माणूस भामटा असला तरी देव वाटतो.

म्हणून सांगते. भिंतीवर चेहरा उमटला, तर हात जोडण्याआधी मागची वायर कुठे जाते ते बघा. कोणी शाल पांघरून बसला असेल तर ती उचला, पाप लागत नाही. कोणीही महाराज औषध थांबवा म्हणाला, तर त्याच क्षणी त्याला घराबाहेर काढा, मग तो कितीही गोड बोलो. आणि शेजारच्या घरात कोणाचं लेकरू गेलं असेल, तर आज संध्याकाळी तिथे जा. चहा घ्या, आईजवळ बसा आणि त्याचं नाव घेऊन विचारा, तो कसा होता. ती रडेल. रडू द्या.